शेंदरी दगड उजव्या हाताला

आमच्या गेटला दोन झडपा आहेत. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं त्यातली एक शेंदरी होती आणि दुसरी काळी. मी दुकानात विटकरी रंग मागितला होता. दुकानदाराने झाकणावरचा नंबर न पाहता डबा दिला आणि मीही न पाहता घेतला. घरी आल्यावर रंग जरा उजळ वाटला, पण वाळल्यावर गडद होईल अशा समजुतीने मी एक झडप पुरी केली. रंग वाळला आणि आणखी उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने गेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग दुधाची पिशवी दिली. बायको म्हणाली, "आता दुसरी झडप रंगवू नका. एक मारुती पुरे."

फोडलेला डबा दुकानदार परत घेईना आणि दोन लिटरच्या डब्यातला दीड लिटर रंग फेकून देणं मला जमेना. डबा जिन्याखाली राहिला. तो पुढे डोंगरावर कसा गेला आणि तिथे त्याचं काय झालं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात होतो आणि बायको शाळेत शिकवायची. मूल लहान होतं तोवर आमचे रविवार घरातच गेले. ते शाळेत जाऊ लागल्यावर आम्ही त्याला रविवारी माझ्या बहिणीकडे सोडून स्कूटरवरून डोंगरांकडे जायला लागलो. नाशिकच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलं की पश्चिमेला अंजनेरी दिसतो. पहिल्यांदा पांडवलेणी, मग चांभारलेणी, मग अंजनेरी असं करत आम्ही त्र्यंबकच्या पलीकडे पोचलो आणि तिथे आम्हाला ती वाट सापडली.

ती त्र्यंबकच्या पुढच्या एका गावामागून चढते, खिंडीतून पठारावर येते आणि पठार ओलांडून वैतरणेच्या जलाशयाकाठी उतरते. माझ्या अंदाजाने आठ किलोमीटर, बायकोच्या अंदाजाने सहा. आमचं आजवर पटलेलं नाही, म्हणून सात लिहितो. चढ सुरुवातीलाच आहे आणि तो बऱ्यापैकी घाम काढतो. पण पठारावर आलं की तासभर सपाट चालायचं असतं, दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधूनमधून जांभळाची झाडं. मग जमीन एकदम संपते आणि खाली पाणी दिसतं. एवढं पाणी की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाली बसलो. बायको मात्र उभीच राहिली. म्हणाली, "हे आपल्यापासून इतक्या जवळ आहे आणि कॉलनीतल्या एका बाईने पाहिलेलं नाही."

तिथूनच सगळं सुरू झालं. तिचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या बायकांना डोंगर ठाऊक असतो तो देवापुरता. सप्तशृंगी चढतात, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करतात. नारळ फोडला की खाली. नुसतं चालायला, बसायला, बघायला त्यांना कोणी नेत नाही आणि त्याही मागत नाहीत. तिला कॉलनीतल्या बायकांना महिन्यातून एकदा डोंगरात न्यायचं होतं. फक्त बायका. "पुरुष आले," ती म्हणाली, "की आम्ही त्यांना डबे वाढत बसणार."

पावसाळाभर ती घरोघर जाऊन बोलत होती. प्रत्येक घराने एकेक अट घातली. कोणाचं पाणी अकराला येतं, कोणाच्या मुलाची शिकवणी असते. सगळ्यांची समाईक अट एकच होती, दिवेलागणीच्या आत घरी. आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी पुरुष गाडी घेऊन उभा पाहिजे. तो पुरुष मी.

सगळ्यात अवघड घर आमच्या शेजारचं. तिथली सून मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. लहानपणी दर सुट्टीत अंकाईच्या किल्ल्यावर जायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत ती स्वतःच्या गच्चीपेक्षा उंच कुठे गेली नव्हती. कंपाउंडच्या भिंतीवरून बायकोला म्हणायची, "ताई, माझं नाव घाला, पण आईंना तुम्हीच विचारा." आई म्हणजे तिची सासू, आमच्या काकू. साठीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, कॉलनीच्या पहिल्या रहिवाशांपैकी. त्यांना विचारायला बायको मला बरोबर घेऊन गेली, साक्षीदार म्हणून.

काकू शेंगा सोलत होत्या.

"डोंगरावर काय आहे?"

"तळं दिसतं, काकू. मोठं."

"ते कळलं. देव कुठला?"

"देव नाही."

"मग जायचं कशाला?"

बायकोने तळ्याचं वर्णन केलं. काकू ऐकत होत्या, पण शेंगा थांबल्या नाहीत. सून दारात उभी होती. शेवटी काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला पाठवायची तर मीही येणार. आणि त्या पंजाबी ड्रेसबिसचं मला सांगू नका. मी नऊवारीत सप्तशृंगी चढलेय, पायऱ्या धड नव्हत्या तेव्हा."

"आई, तुम्ही नऊवारीत चढा," सून हळूच म्हणाली. "मी मागून ड्रेसमध्ये येते."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तोंड फुटलं वाटतं." पण त्या हसल्या होत्या, हे मी पाहिलं.

काकूंच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, संध्याकाळी गेटपाशी येऊन मला निकाल सांगितला. "जाऊ दे त्यांना. पण अंधार झाला ना, तर ही पहिली आणि शेवटची. मग पुन्हा कोणी नाव काढायचं नाही. बाकीच्या घरांचंही हेच आहे, मी बोललोय सगळ्यांशी." तो चांगला माणूस होता. कॉलनीच्या कमिटीत असल्यामुळे त्याला सगळ्यांशी बोलायची सवय होती. मी घरात येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एकच संधी." आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण वेळेचं गणित माझ्याकडे होतं.

वाटेत चार ठिकाणी फाटे फुटतात. आम्हा दोघांना ते पाठ होते, पण जत्थ्याबरोबर चालताना, बोलण्याच्या नादात बायको चुकली तर काय, अशी मला काळजी होती. म्हणून खुणा करायचं ठरलं. पांढरा चुना नको, कारण वनखात्याच्या आणि मोजणीवाल्यांच्या खुणा पांढऱ्या असतात. गवत उंच, त्यामुळे जमिनीलगतची खूण दिसणार नाही. लांबून दिसेल असा रंग पाहिजे. आम्ही दोघांनी एकाच वेळी जिन्याकडे पाहिलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही जाऊन चार फाट्यांवर गुडघ्याएवढे चार दगड उभे केले आणि दर्शनी बाजूने पूर्ण शेंदरी रंगवले. बाण वगैरे काढला नाही. बाण कोणीतरी फिरवून ठेवला तर घोटाळा होतो, हे मला माहीत होतं. नियम एकच ठेवला, शेंदरी दगड डाव्या हाताला ठेवून चालायचं.

हा नियम मी आमच्या हॉलमध्ये फरशीवर खडूने वाट काढून बायकांना समजावत होतो, तेव्हा काकूंनी हात वर केला.

"शेंदरी दगड डाव्या हाताला?"

"हो, काकू. खूण आहे ती फक्त."

"असू दे. प्रदक्षिणेला देव उजव्या हाताला असतो. शेंदरी दगड डावा टाकून मी जन्मात चालले नाही. माझे पाय आपोआप पलीकडून जातील आणि तुमची खूण राहील बाजूला."

सगळ्या जणींनी माना हलवल्या. बायकोसुद्धा म्हणाली, "खरंय हो, माझेही जातील." मला त्यात काही खोट काढता आली नाही. पुढच्या रविवारी मी एकटा परत गेलो आणि चारही दगड वाटेच्या उजव्या कडेला आणून नीट रोवले. आता वाटेत चुकण्यासारखं काही उरलं नाही, अशी माझी खात्री झाली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी नऊ जणी निघाल्या. देवळाली कॅम्पातल्या एका ड्रायव्हरची ट्रॅक्स जीप ठरवली होती. तो फौजेतून, तोफखान्यातून निवृत्त झालेला, गाडी अशी चालवायचा की खड्डासुद्धा शिस्तीत यायचा. काकू सोडून सगळ्या जणींच्या पायात नवे कॅनव्हासचे बूट होते. बहुतेकींची साडी आणि बूट, सुनेचा पंजाबी ड्रेस आणि बूट, काकूंची नऊवारी आणि चपला. गावामागे त्यांना उतरवलं. बायकोने मला विचारलं, "काय धरलंय तुम्ही?"

मी ताशी अडीच किलोमीटर धरले होते. फोटोंना वेगळा वेळ, जेवणाला वेगळा, काकूंसाठी वेगळी सवलत. अडीच वाजेपर्यंत त्या खाली तळ्याशी यायला हव्या होत्या.

"चहाचा धरला का?"

चहाचा धरला नव्हता. पावणेतीन, मी म्हणालो.

त्या चढू लागल्या. काकू सगळ्यात पुढे होत्या, म्हणजे सवलत फुकट गेली. मी आणि ड्रायव्हर घोटीकडच्या रस्त्याने वळसा घालून जलाशयाच्या काठावर ठरलेल्या जागी आलो. डबा खाल्ला. पाण्यावर ऊन होतं, पलीकडे डोंगरांची रांग होती. ड्रायव्हरने बॉनेटवर सतरंजी टाकली आणि फौजेतल्या गोष्टी सांगितल्या. पावणेतीन झाले. सव्वातीनलाही डोंगराची वरची सोंड मोकळीच होती. एवढ्या रंगीबेरंगी नऊ बायका पिवळ्या गवतात लपणार कुठे?

"साब, लेडीज पार्टी है," ड्रायव्हर म्हणाला. "थोडा टाइम लगेगा."

"टाइम धरलाय मी."

साडेतीनला मी निघालो. त्याला सांगितलं की इथून हलू नका. चढताना चौथा दगड लागला, जागेवर होता. पठारावर आलो, तिसराही जागेवर होता. त्याच्या आजूबाजूला नव्या बुटांचे ठसे शोधले. काही नाही. म्हणजे त्या इथवर आल्याच नव्हत्या. मी जवळजवळ पळतच दुसऱ्या फाट्याकडे गेलो.

दुसरा दगड नव्हता. तो रोवला होता तिथे खळगा होता आणि खळग्याभोवती गवत बसलेलं होतं. इथे वाट दोन्हीकडे जाते. डावीकडची तळ्याकडे, उजवीकडची एका पाड्याकडे. मी उजवीकडे पाहिलं आणि हाकेच्या अंतरावर, एका जांभळाखाली, मला माझा रंग दिसला.

तो माझाच दगड होता. वाटेच्या उजव्या हाताला, सावलीत, सपाट चौथरा करून बसवलेला. त्याच्यावर झेंडूची माळ होती, पुढे उदबत्तीची राख, नारळाच्या करवंट्या आणि थोडे तांदूळ. कोणीतरी त्याला दोन चांदीच्या कागदाचे डोळेही लावले होते. शेजारी एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या म्हशी पलीकडे चरत होत्या.

"काय हुडकता, साहेब?"

"हा दगड," मी म्हणालो. "हा तिथे फाट्यावर होता."

"देव व्हय? व्हता तिथं. उन्हात व्हता. आम्ही सावलीला आणला."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावं. माझी म्हैस गेलती. तीन दिस हुडकली. गावली तर ह्या देवापाशी, गपगार बसलेली. आधी कवा दिसला नव्हता हा देव. त्या टायमालाच निघाला." त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "म्हैस राखली त्यानं."

मला खोटं बोलायची सवय नाही. मी सांगितलं की बाबा, हा देव निघाला नाही, हा मी रंगवला. गेटचा उरलेला रंग आहे.

म्हाताऱ्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रंग तुमचा आसंल," तो म्हणाला. "म्हैस माझी हाय."

मी बायकांचं विचारलं.

"बाया? त्या गेल्या की पाड्यावर. नऊ जनी. म्हातारी पुढं व्हती. हितं बसल्या, पाया पडल्या, म्हातारी म्हनली हाच तो, आन् गेल्या."

पाडा तिथून दीडेक किलोमीटर होता. बारा-पंधरा घरं, कुडाच्या भिंती, पुढे सारवलेली अंगणं. पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. पहिल्याच अंगणात कॉलनीच्या बायका ओळीने बसल्या होत्या, बूट काढून. चूल पेटली होती आणि पाड्यावरच्या दोघी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी थापत होत्या. काकू खाटेवर बसून त्यांना सांगत होत्या की भाकरी चांगली झालीय, पण आमच्या सुनेला दाखवा, तिच्या काठ फाटतात. आमच्या घरच्या तिखट पुऱ्या पाड्यावरची पोरं खात होती.

बायकोने मला पाहिलं आणि उठून उभी राहिली. "किती वाजले?"

"पाच."

दिवेलागणीला तास-सव्वा तास राहिला होता आणि नाशिक अजून गाडीचे दोन तास दूर होतं. तो हिशेब तिलाही येत होता.

मग कसं झालं ते सगळ्या जणींनी एकदम सांगितलं. दुसऱ्या फाट्यावर दगड दिसेना. बायको म्हणत होती डावीकडे, तिला अंधुक आठवत होतं. तेवढ्यात काकूंना जांभळाखाली शेंदरी दिसला. बायको म्हणाली हा आपला नाही, ह्याला डोळे आहेत. काकू जवळ गेल्या, नखाने रंग खरवडला आणि म्हणाल्या, "रोज सकाळी बघते मी तुमचं गेट. हा तोच रंग." आणि तो होताही तोच. मग सगळ्या तिकडून निघाल्या, दगड नीट उजव्या हाताला ठेवून. पुढचा दगड येईना म्हणून सून पळत शेजारच्या टेकाडावर चढली आणि वरून ओरडली की तळं मागे राहिलंय, आपण चुकलोय. तोवर पाडा दिसू लागला होता, आणि पाड्यावरच्या बायकांनी जेवल्याशिवाय सोडायला नकार दिला.

"अशी वर गेली," काकू म्हणाल्या, सुनेकडे हात करून. "शेळीसारखी. मला वाटलं आता पडते. तर ही वरून हात हलवतेय." बोलताना त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण त्यांनी ते तीनदा सांगितलं.

परत फाट्यावर जाऊन माझ्या वाटेने उतरायचं म्हटलं तर अंधार नक्की होता. तेवढ्यात म्हाताराही म्हशी घेऊन पाड्यावर पोचला. त्याला विचारलं तर म्हणाला, माघारी कशाला जाता, बाजाराची वाट हाय की. पाड्यावरची माणसं आठवड्याच्या बाजाराला ज्या वाटेने जातात ती दुसऱ्या अंगाने तळ्याशी उतरते, उतारही कमी. त्याने स्वतः पुढे होऊन दाखवली. बायका निघाल्या. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या जांभळाच्या दिशेने वळल्या, हात जोडले, पुटपुटल्या आणि मग चालायला लागल्या.

त्या उतरणीबद्दल मला सांगितलंच पाहिजे. मी ती वाट तोवर पाहिली नव्हती. ती दगडांतून न जाता गवतातून जाते आणि पाणी अखेरपर्यंत डोळ्यांपुढून हलत नाही. सूर्य पलीकडच्या रांगेवर टेकला होता आणि अख्खं तळं तांब्याच्या घंगाळासारखं दिसत होतं. खाली आल्यावर काठाकाठाने चालायचं होतं. कोणीतरी बूट काढून पाण्यात पाय घातले, मग सगळ्यांनीच घातले. मी घड्याळ दाखवलं. बायको म्हणाली, "उशीर झालाच आहे. पाच मिनिटांनी काय होतं?" नऊ बायका साड्या वर धरून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि काकूंनी सुनेच्या अंगावर पाणी उडवलं. मी ते पाहून दुसरीकडे बघितलं. माझा तिथे संबंध नव्हता.

ड्रायव्हर गाडीजवळ उभा होता, दिवे लावून. मी झालं ते सांगितलं.

"साहेब," तो मराठीत म्हणाला, "आमच्या तोफखान्यात निशाण हललं तर गोळा चुकतो. तुमचं निशाण तर चालत गेलं आणि जेवून आलं."

परतीच्या गाडीत बडबड होती, पण त्र्यंबक मागे पडल्यावर ती कमी होत गेली. एक जण म्हणाली, "माझे सासरे दारातच असतील." दुसरी म्हणाली, "झालं आपलं फिरणं." सून खिडकीबाहेर बघत होती. मी मनात पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत होतो, की दगड उभा न करता खडकावरच रंग दिला असता तर.

कॉलनीच्या तोंडाशी दिव्याखाली सात-आठ पुरुष उभे होते, मधोमध काकूंचा मुलगा. ट्रॅक्स थांबली. आठ वाजून गेले होते. तो पुढे आला आणि त्याने आधी आईला उतरवून घेतलं.

"काय ठरलं होतं, आई? अंधाराच्या आत म्हणालो होतो ना मी? आता हे बंद."

काकूंनी नऊवारी झटकली. तिला गवताची कुसळं चिकटली होती. "देवाला गेलो होतो," त्या म्हणाल्या. "वर जागृत देव आहे. उशीर झाला."

"कुठला देव? तुम्ही तर तळं बघायला गेला होता."

"तळं आहेच. देवही आहे. मी नारळ बोललेय त्याला, सगळ्या धड घरी पोचू देत म्हणून. पोचलो. आता पुढच्या महिन्यात फेडायला जायचं. हिच्याशिवाय मला डोंगरात कोण नेणार?" आणि सुनेकडे पिशवी देत त्या आत निघाल्या. मग थांबून बाकीच्या पुरुषांना म्हणाल्या, "नारळ सगळ्यांच्या वतीने बोललेय. सगळ्यांना यावं लागेल."

नवसापुढे कमिटीचं काही चालत नाही. एकाने त्याच्या बायकोच्या हातातला डबा घेतला आणि लोक आपापल्या घरी गेले.

माझा जीव मात्र स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तुळशीला पाणी घालत होत्या, तेव्हा मी भिंतीशी गेलो.

"काकू, तुम्हाला माहीत आहे ना, तो दगड मी रंगवलाय?"

"माहीत आहे. मीच तर रंग ओळखला."

"मग नारळ?"

"रंग तुम्ही लावलात. फुलं कोणी वाहिली? तुम्ही?"

"नाही."

"मग," काकू म्हणाल्या आणि तांब्या रिकामा केला.

फेब्रुवारीत नऊच्या चौदा झाल्या. दोन गाड्या लागल्या. काकूंनी जांभळाखाली नारळ फोडला आणि पाड्यावर सगळ्यांसाठी डाळ-तांदूळ नेले. मी त्या वेळी म्हाताऱ्याला विनंती करून पाहिली की दगड परत फाट्यावर ठेवता येईल का. त्याने मला विचारलं, "पुन्हा उन्हात?" मग मी विषय सोडला आणि फाट्यावरच्या मोठ्या खडकावर पांढऱ्या ऑइलपेंटने तळ्याकडचा बाण काढला. खडक कोणी उचलून नेणार नव्हतं. बाण ठसठशीत आला. आजही आहे.

पुढे ते चालणं महिन्याच्या महिन्याला सुरू राहिलं. दोन-तीन वर्षांनी बायकोची शाळा वाढली आणि सगळं सुनेने हातात घेतलं. ती आता कुठल्या कुठल्या किल्ल्यांवर बायका नेते, मला अर्धी नावं माहीत नाहीत. तळ्याकाठी दोन रिसॉर्ट झाली. पाड्यापर्यंत डांबरी सडक आली. देवाला सिमेंटचा ओटा आणि वर पत्रा आला. पाड्यावरून निरोप आला की रंग उडालाय, तर तोच रंग आणा, दुसरा नको. मी त्या दुकानात गेलो. या वेळी झाकणावरचा नंबर नीट वाचला आणि चुकीचा तोच घेतला. उरलेल्या रंगात गेटची दुसरी झडपही रंगवून टाकली. काकूंचे गुडघे आता चढू देत नाहीत. त्या सडकेने गाडीतून पाड्यावर जातात आणि चालून येणाऱ्यांची वाट बघत खाटेवर बसतात.

वर्षातून एकदा, संक्रांतीनंतर, आम्हा पुरुषांनाही यायची परवानगी असते. गेल्या खेपेला मी पहिल्या फळीत होतो. दुसऱ्या फाट्यावर आलो तेव्हा कॉलनीत नव्याने राहायला आलेली एक मुलगी माझ्या खडकाशी थांबली.

"हा बाण कसला आहे?"

"तो भाऊजींचा," सून माझ्याकडे हात करून म्हणाली. "तिकडे नाही जायचं. चला, देव उजव्या हाताला येईल."